इंजिनाक घासलेट

ऐन मे महिन्यात आमच्या वाडीतला ट्रान्सफॉर्मर जळला आणि तो बदलायला चार दिवस लागतील, असं वायरमनने सांगितलं. वायरमनचे चार दिवस कसे मोजायचे, हे वेंगुर्ल्याकडच्या माणसाला सांगायला नको. विजेचा पंप बंद, आणि पोफळी तर माना टाकून उभ्या.

मांगरात वडिलांच्या वेळचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. टाकी कोरडी. पंपावर प्लास्टिकच्या कॅनमध्ये डिझेल देईनात. घरात मात्र रेशनचं निळं रॉकेल दहा लिटर पडून होतं. शेजारचे तात्या पानाचा तोबरा सांभाळत म्हणाले, "इंजिनाक काय कळता? तेल तां तेल. वाईच इंजिन ऑइल मिसळ म्हणजे झाला."

तात्यांना हसू नका. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. शेंगदाण्याच्या तेलात आम्ही वडे तळतो. वड्याच्या तेलावर जे चालतं, ते रॉकेलवर का अडेल?

रॉकेल ओतलं, स्क्रू सैल करून नळीतली हवा काढली, लिव्हर वर करून हँडल मारलं. चौथ्या फेऱ्याला लिव्हर सोडला आणि इंजिन चक्क सुरू झालं. आवाज मात्र बदललेला. एरवी धड धड धड चालणारं इंजिन, आता कोणी आतून हातोडीने दार ठोकतंय असं टण टण वाजत होतं. (रॉकेल डिझेलपेक्षा जरा उशिरा पेट घेतं आणि मग एकदम पेटतं, म्हणून ही ठोकाठोक.) पण पाटाला पाणी आलं! तात्यांनी विजयी पिंक टाकली.

तासाभराने पाट बदलायला म्हणून इंजिन बंद केलं. तिथेच चुकलं. त्यानंतर मी हँडल मारलं, मुलाने मारलं, तात्यांनी नुसत्या सूचना मारल्या. इंजिन ढिम्म. माझ्या तळहाताला दोन फोड आले आणि बायको पडवीतून म्हणाली, "बादलीने घातलं असतं तर एव्हाना शिंपून झालं असतं." ते खरं होतं, म्हणूनच फार लागलं.

संध्याकाळी मेस्त्री आले. टाकीचं झाकण उघडून नुसता वास घेतला. "हेका काय पाजलंस?"

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या माडाकडे पाहत होते.

मग मेस्त्रींनी समजावलं. इंजिनात डिझेल ढकलणारा एक छोटा पंप असतो; त्यात जो दांड्या वरखाली होतो, त्याच्या भोवतीची फट दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड, म्हणजे बघा. त्या दांड्याला वंगण डिझेलचंच, वेगळं नाही. रॉकेल पातळ, त्याला तो ओशटपणा नाही. "त्यात तुझो पंप झिजलेलो. गरम झालो काय रॉकेल आणखी पातळ होता, आणि नोझलाक जायच्या ऐवजी फटीतून मागे परतता. थंडपणी चालता, गरमपणी नाय."

एवढं बोलून त्यांनी माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, विहिरीच्या पाण्यात बुचकळला आणि ताप चढलेल्या पोराच्या कपाळावर पट्टी ठेवावी तसा पंपाला गुंडाळला. दहा मिनिटं आम्ही सगळे त्या आजाऱ्याभोवती गप्प बसून होतो. मग मेस्त्रींनी एकच हँडल मारलं. धड, टण, धड! तात्या म्हणाले, "बघ, मी काय म्हणत होतंय?"

पुढे पंप सोडवून कुडाळला न्यावा लागला. त्या बिलात दोन उन्हाळ्यांचं डिझेल आलं असतं. उरलेलं रॉकेल तात्या वाळवीसाठी घेऊन गेले, ऑइल न मिसळता. पंचा आम्ही चारदा धुतला, सोड्यात उकळला, उन्हात टाकला. तरी मी तो गुंडाळून देवासमोर बसलो की बायको समईची वात लावता लावता थांबते आणि म्हणते, "आधी तुम्ही जरा लांब सरका."