चष्मा न करताच परत पाठवलं, या तक्रारीला उत्तर

नमस्कार.

तुमचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. एक तारा पाहून वाईट वाटलं, पण तुमची शेवटची ओळ वाचून झोप लागली नाही. म्हणून हे उत्तर थोडं लांबणार आहे.

इतरांसाठी तक्रार थोडक्यात सांगते. सहा महिन्यांपूर्वी केलेल्या चष्म्यातून काकांना नीट दिसेना, म्हणून तुम्ही त्यांना घेऊन बडोद्यात दांडिया बाजारात आमच्या दुकानी आलात. पाऊण तास बसावं लागलं. "भोकाची काळी चकती लावून नाटक केलं, दीडशे रुपये घेतले, चष्मा केलाच नाही आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा म्हणून चिठ्ठी हातात दिली. चष्मेवाल्यांनी डॉक्टरगिरी करू नये. दवाखान्याशी कमिशन ठरलेलं असणार," असं तुम्ही लिहिलंत. आणि शेवटी, "रावपुऱ्यात दुसऱ्या दुकानी चष्मा मिळाला, विषय संपला."

आमचं चुकलं ते आधी. चष्मा करा किंवा करू नका, तपासणीचे दीडशे रुपये पडतात, हे काकांना खुर्चीत बसवण्यापूर्वी सांगायला हवं होतं. तशी पाटी आहे, पण ती फ्रेमच्या कपाटाआड गेली होती. आज सकाळी ती काउंटरवर आणून ठेवली. तुमचे पैसे परत देणार आहे. दुसरं म्हणजे, दुकानात चार गिऱ्हाइकं उभी असताना "हे चष्म्यानं सुटणारं नाही" असं मी मोठ्यानं बोलून गेले. काकांचा चेहरा उतरलेला मला दिसला होता. आत बसवून, पाणी देऊन सांगायची गोष्ट होती ती. त्याबद्दल काकांची मनापासून माफी मागते.

चष्मा केला नाही, ती मात्र चूक नव्हती. काकांच्या तपासणीचे आकडे मी इथे चारचौघांत लिहिणार नाही, तो कागद तुमच्याकडे आहे. पण तुम्ही ज्याला नाटक म्हणालात त्या चकतीबद्दल सांगायलाच हवं.

ती काळी चकती म्हणजे पिनहोल. मधोमध एक-सव्वा मिलिमीटरचं भोक, बस्स. डोळ्याला नंबर असतो तेव्हा बाहेरून येणारे किरण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर एका ठिकाणी जुळत नाहीत, पसरतात, म्हणून अक्षर फुगलेलं, धुरकट दिसतं. भोकातून फक्त मधले मोजके किरण आत जातात, पसरायला वाव उरत नाही आणि काच न लावताही अक्षर स्पष्ट होतं. म्हणजे चकतीतून तक्त्याच्या खालच्या ओळी वाचता आल्या तर बहुतेक वेळा नंबर बदलून काम होतं. चकती लावूनही माणूस त्याच ओळीवर अडला, किंवा आणखी वरच्या ओळीवर गेला, तर बिघाड नंबरात नसून आत कुठेतरी असण्याची शंका घ्यावी लागते: भिंगात, पडद्यात किंवा नसेत. तिथे कितीही महागाची काच लावली तरी ती लागू पडत नाही. ही पाच मिनिटांची तपासणी आहे आणि माझ्या मते या दुकानातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच चकती आहे.

डॉक्टरगिरीबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. मी डॉक्टर नाही, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नंबर काढणं, काच बसवणं आणि काहीतरी वेगळं दिसलं तर ओळखून पुढे पाठवणं, हे चार वर्षं शिकून आले. आजाराचं नाव सांगणं आणि औषध देणं माझं काम नाही, म्हणून तर चिठ्ठी दिली. ती एकदा उघडून बघा. तिच्यावर कुठल्याही डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव नाही. "नेत्रतज्ज्ञांना दाखवावे, बाहुली मोठी करून पडदा तपासावा" एवढंच लिहिलंय. सयाजी हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवा, तुमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जा, मला त्यातून एक पैसा मिळत नाही. उलट त्या दिवशी चष्मा केला असता तर मिळाला असता.

आता घरातली गोष्ट सांगते, कारण माझा हट्ट तिथून आला आहे. माझ्या मावशीला एका दुकानानं वर्षभरात तीन चष्मे करून दिले. दर वेळी ती तक्त्यावरची शेवटची ओळ वाचायची, दर वेळी दुकानदार म्हणायचा, नजर चांगली आहे. इकडे घरात तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागायचा. वाढताना आमटीची वाटी ताटाच्या कडेवर टेकायची आणि कलंडायची. आम्ही म्हणायचो, मावशी, लक्ष कुठे असतं? तो काचबिंदू होता, आपल्याकडे गुजरातीत ज्याला झामर म्हणतात. तो बहुतेक वेळा दुखत नाही, लाल होत नाही. कडेची नजर आधी खातो आणि मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो. तक्ता तर मधल्या नजरेनंच वाचतात! कळलं तेव्हा एका डोळ्याची बरीचशी नजर गेली होती. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी किंवा ऑपरेशननं उरलेली राखता येते, तेवढंच. घरात कुणाला असेल तर सख्ख्या नात्यातल्यांना धोका जास्त. चाळिशी लागल्यापासून मी स्वतः डोळ्यांचा दाब आणि नस तपासून घेते.

तुम्ही लिहिलंय की काकांना दहा वर्षं शुगर आहे. हे तुम्हीच जाहीर लिहिलंत म्हणून त्यावर बोलते. शुगर वर-खाली होत असली की भिंगात पाणी कमी-जास्त होतं आणि नंबरही हलतो. आज काढलेला नंबर महिन्याभरानं चुकीचा ठरू शकतो. म्हणून शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय मी चष्मा करत नाही, गिऱ्हाईक कितीही रागावलं तरी. आणि नंबर वेगळा, पडदा वेगळा. शुगरवाल्यांच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा सुरुवातीला काही म्हणजे काहीच जाणवत नाही. दिसतंय ना, मग कशाला, असं म्हणून थांबायचं नसतं. वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचाच. बाहुली मोठी करायला थेंब घालतात, त्यानंतर काही तास अंधुक दिसतं, उन्हात डोळे दिपतात. काकांना स्कूटर चालवू देऊ नका, सोबत जा.

दुकानात रोज दिसणारी आणखी एक गोष्ट. सत्तरीचे आजोबा येतात, घरचे कौतुकानं सांगतात की आजोबांचा वाचायचा चष्मा सुटला, आता पेपर तसाच वाचतात. त्यांच्या आनंदावर पाणी टाकायला जीवावर येतं, पण पुष्कळदा ती मोतीबिंदूची सुरुवात असते. भिंग घट्ट होत जातं, जवळचं काही दिवस बरं दिसतं आणि लांबचं जातं. मोतीबिंदूला घाबरायचं कारण नाही, ऑपरेशननं नजर येते. घाई तिथे नसते.

घाई असते ती वेगळीकडे. डोळ्यासमोर अचानक वीज चमकल्यासारखी दिसली, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली आली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, कारण आतला पडदा सुटत असू शकतो. डोळा लाल होऊन ठणकतोय, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात आणि उलट्या होतायत, तर ते पित्त म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. एका डोळ्याचं दिसणं काही मिनिटं गेलं आणि परत आलं, तरी सरळ हॉस्पिटलात जा, तो पक्षाघाताचा इशारा असू शकतो. आणि लाल डोळ्यासाठी मेडिकलमधून विचारून आणलेले थेंब महिनोन्महिने टाकू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर डोळ्याचा दाब वाढतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

काकांसाठी घरच्या घरी एक करता येईल. ते सूरसागर तलावावर फिरायला जातात असं बोलता बोलता म्हणाले होते. काठावर उभं राहून, चष्मा लावून, तळहातानं एक डोळा झाका, न दाबता, आणि मधल्या महादेवाच्या मूर्तीकडे बघायला सांगा. मग दुसरा झाका. काठाचं रेलिंग सरळ दिसतं की वाकडं, तेही दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं विचारा. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाला सांभाळून घेतो, आणि माणसाला वर्षभर कळत नाही की एक बाजू मंद झालीय. फरक आढळला तर थांबू नका. फरक नाही आढळला तरी चिठ्ठी रद्द होत नाही, कारण कडेची नजर आणि शुगरचा पडदा यातून कळत नाही.

रावपुऱ्याचा चष्मा वापरा, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण विषय संपला असं समजू नका. काकांना या आठवड्यातच दाखवा. चिठ्ठी हरवली असेल तर निरोप पाठवा, दुसरी लिहून ठेवते. दीडशे रुपये पाकिटात घालून काउंटरच्या खणात ठेवलेत. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी रोज सकाळी दहापासून मी इथेच आहे. काकांना घेऊन आलात तर डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला ऐकायचं आहे.