अर्पणाचा फळा कुणी काढला?

उपासनेहून आले ती चपला न काढताच लिहायला बसलेय. भाजी चिरायची पडलीये. पडू दे.

आपल्या चर्चच्या उजव्या भिंतीवरचा फळा काढलाय. उपस्थिती, आजचं अर्पण, मागच्या रविवारचं अर्पण, एवढ्या तीन ओळींचा तो लाकडी फळा. उपासना सुटल्यावर मी पाळकसाहेबांना सरळ विचारलं, फळा कुठे गेला? त्यांच्या आधी कमिटीतले एक भाऊच बोलले, "सिस्टर, वचन है, मेरे अभिषिक्तों को मत छुओ." म्हणजे देवानं नेमलेल्या पाळकांना बोल लावू नका. तेही चार माणसांदेखत. पाळकसाहेब नुसते उभे. मी फळ्याबद्दल विचारलं होतं हो!

माझे आजोबा याच मंडळीत एल्डर, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी होते. रविवारी थाळीतले पैसे समोरच्या टेबलावर, सगळ्यांदेखत मोजायचे आणि खडूनं फळ्यावर लिहायचे. मी आठ वर्षांची असेन. त्या दिवशी त्यांनी ४१ रुपये लिहिले, तर मागच्या बाकावरून झाडूकाम करणाऱ्या मावशी उठल्या. "साहेब, त्रेचाळीस पाहिजेत. दोनाची नोट मी घडी करून टाकलीये." सगळं चर्च चिडीचूप. आजोबांनी पुन्हा मोजलं, दहाच्या नोटेत अडकलेली ती घडी सापडली. खिशातला रुमाल काढून त्यांनी एक पुसला, तीन लिहिला आणि म्हणाले, "बरं झालं बोललात बाई. सलाम."

मावशींना तेव्हा कुणी वचन नाही ऐकवलं.

आणि ते वचन तरी नीट वाचा ना. बायबलात स्तोत्र १०५ काढा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. मूठभर माणसं, ना जमीन, ना सैन्य, परक्या मुलखात या राज्यातून त्या राज्यात भटकणारी. देव दटावतोय ते राजांना, की या उपऱ्यांना हात लावू नका. दुबळ्यांना वाचवायला सांगितलेलं वचन तुम्ही मावशींसारख्यांना गप्प बसवायला वापरता? योहानाचं पहिलं पत्र, दुसरा अध्याय: तुमचा अभिषेक झालेला आहे, असं तो सगळ्या मंडळीला लिहितो. झगा घातलेल्या एकट्याला नव्हे.

मान्य, पाळकांचं काम सोपं नाही. माझ्या आईच्या शेवटच्या रात्री दोन वाजता हेच पाळकसाहेब एमवाय हॉस्पिटलमध्ये आले होते आणि पहाटेपर्यंत तिचा हात धरून बसले होते. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणून तर आज त्यांचं गप्प राहणं इतकं लागलं. त्यांनी नुसतं "विचारू द्या त्यांना" म्हटलं असतं तरी मी शांतपणे घरी आले असते.

पण मान देणं वेगळं आणि तोंड मिटून घेणं वेगळं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे दोनच वर्षांत तिथल्या मिशनच्या बायकांना त्यांनी पत्रातून स्पष्ट कळवलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासानं सुटलेय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचं काम सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा स्वतंत्र मेळा मांडला. आपण दर ख्रिसमसला टिळकांची पदं गातो, रमाबाईंचा फोटो महिला संघाच्या खोलीत लावतो, आणि एका बाईनं हिशेब विचारला की तिला गप्प बसवतो.

आपली मंडळी कॅनडियन प्रेस्बिटेरियन मिशनची. ते लोक १८७७ साली इंदुरात आले. त्यांचेही साहेबी दोष होतेच, नाही म्हणत नाही. पण एल्डर मंडळीनं निवडायचे, पाळकानं त्यांच्याबरोबर बसून निर्णय घ्यायचा, ही रीत त्यांच्याकडूनच आली. १९७० साली अनेक मंडळ्या मिळून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, बिशप आले, ठीक. बिशप आले म्हणून मंडळीनं विचारायचं थांबवावं असं कुठे ठरलं होतं?

तरुण संघातल्या एका मुलानं मला बाहेर हळूच सांगितलं, "आंटी, आता निम्मं अर्पण क्यूआर कोडवर येतं, फळ्यावर कसं लिहिणार?" बरोबर आहे त्याचं. मग तोही आकडा लिहा! दुसऱ्या एकीनं म्हटलं, सध्याचे दिवस बरे नाहीत, आपलं आपल्यातच राहू दे. तिची भीती मला कळते, मलाही वाटते. पण आत विचारू दिलं नाही तरच गोष्ट बाहेर जाते ना?

प्रभूनं कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हे आपण दर पवित्र गुरुवारी वाचतो, वाचताना माझा आवाज दर वर्षी अडकतो. माझ्या डोळ्यांसमोर दर वेळी आजोबांचा तो खडूनं पांढरा झालेला रुमाल येतो. घरी आल्यावर आजीनं विचारलं होतं, एवढ्या लोकांत चूक निघाली, वाईट नाही वाटलं? आजोबा जेवत होते. म्हणाले, "पैसे तिचे होते गं."

फळा वेस्ट्रीत, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीत, हार्मोनियमच्या मागे उभा करून ठेवलाय, मी बघून आलेय. भिंतीतला खिळा अजून तसाच आहे. पुढच्या रविवारी साडेआठला मी जातेय, खडू माझ्याकडे आहे. फळा जड आहे, दुसरी बाजू कोण धरेल ते खाली लिहा.