टेरिजियम परत येतं ते टाक्यांमुळे नाही

टेरिजियमच्या, म्हणजे डोळ्यात वाढलेल्या मांसाच्या शस्त्रक्रियेबद्दल एक दावा सध्या सर्रास पुढे पाठवला जातोय. टाके घालणं आता कालबाह्य झालं. ग्लूने, म्हणजे शरीरात चालणाऱ्या खास गोंदाने ग्राफ्ट (मांस काढलेल्या जागी बसवायचा पापुद्र्याचा तुकडा) चिकटवला की मांस पुन्हा वाढतच नाही. आणि ग्लूऐवजी स्वतःचंच रक्त वापरलं तर तेच सगळे फायदे बिनखर्चात मिळतात. तिन्ही विधानांत थोडं तथ्य आहे, म्हणून ती पटकन पटतात. पण ती वाचून लोक टाके घालणाऱ्या चांगल्या सर्जनवर अविश्वास दाखवू लागलेत, याचं मला वाईट वाटतं.

आधी ‘पुन्हा वाढतच नाही’चं बघू. मांस काढून खालचा पांढरा भाग उघडा सोडण्याची पद्धत होती, तेव्हा ते परत येण्याचं प्रमाण फार होतं. चित्र पालटलं ते ग्राफ्टमुळे. नेत्रसर्जन केन्यन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये रुग्णाचाच कंजंक्टायव्हा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भागावरचा पातळ पापुद्रा त्या उघड्या जागी बसवल्याचे निकाल छापले: ५७ डोळ्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांत पुन्हा वाढ. ऑस्ट्रेलियातल्या लॉरेन्स हर्स्ट यांनी तर २०१२ मध्ये १००० शस्त्रक्रियांचा अहवाल दिला, त्यात फक्त एका डोळ्यात मांस परतलं. दोन्हीकडे ग्राफ्ट टाक्यांनी शिवलेला होता. हर्स्ट यांचा भर होता पापुद्र्याखालचा टेनॉन नावाचा तंतुमय थर दूरवर साफ करण्यावर आणि मोठा, पातळ ग्राफ्ट घेण्यावर. हे काम वेळखाऊ आहे. वरच्या पापणीखालून तो नाजूक पापुद्रा टेनॉन न चिकटता सोडवायचा, उलटा न होऊ देता सरकवायचा, बुबुळालगतची कड बुबुळाकडेच येईल असा पसरायचा. खरं कौशल्य इथे लागतं.

मग ग्लूचा काहीच उपयोग नाही का? आहे, आणि चांगला आहे. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१६ च्या आढाव्यात १४ चाचण्या, ८९० डोळे होते. ग्लूने पुन्हा वाढ कमी होत असावी आणि शस्त्रक्रिया सरासरी १७ मिनिटं लवकर आटपत असावी, असं त्यात निघालं; मात्र पुराव्याचा दर्जा कमी असल्याचंही तिथेच नोंदवलंय. टाक्यांची टोचणीही टळते. पण त्याच आढाव्यात ग्राफ्ट सुटणं, आक्रसणं, गाठ येणं अशा गुंतागुंती ग्लूच्या गटात जास्त होत्या. ही अर्धी बाजू पुढे पाठवताना गळून पडते.

राहिलं रक्त. ग्लूमध्ये फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे घटक तयार, दाट स्वरूपात असतात, त्यामुळे पकड काही सेकंदांत येते. आपल्या रक्तातही तेच घटक असतात, पण विरळ. म्हणून ग्राफ्ट पसरल्यावर कडा कित्येक मिनिटं दाबून धराव्या लागतात, आणि पकड तरीही कच्चीच राहते. पहिल्या काही दिवसांत डोळा चोळला तर ग्राफ्ट सरकू शकतो. ग्लूसारखं दात्यांच्या प्लाझ्मापासून (रक्तातल्या द्रवापासून) बनलेलं काही डोळ्यात जात नाही, हा फायदा खराच. पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्या माणसाला ‘तुमचंच रक्त, सगळ्यात सुरक्षित’ म्हणणं चूक आहे.

आणि ‘कालबाह्य’बद्दल एवढंच: ग्लूने किंवा रक्ताने बसवलेला ग्राफ्ट चांगलाच सुटून आला, तर तो पुन्हा जागेवर धरायला बऱ्याचदा टाकेच घालावे लागतात.