शेंगदाणा फुफ्फुसात विरघळत नाही

सिंहगड रोडवरच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा एक मेसेज बहिणीपर्यंत पोचला. तिचं मूल दोन वर्षांचं, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मेसेज सांगतो: मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अडकला तर केळं भरवा, उलटं धरून पाठ थोपटा, खोकला थांबला की दाणा विरघळला समजा, आणि एक्स-रे चांगला आला तर दुर्बिणीच्या भानगडीत पडू नका.

केळं जातं अन्ननलिकेत. श्वासनलिकेतल्या दाण्याला ते शिवतही नाही. उलट गुदमरलेल्या मुलाला घास दिला तर तोही श्वासात जायचा.

सगळ्यात घातक थाप 'विरघळला' ही. दाणा ओलाव्याने फुगतो. त्याच्या तेलाने नळीचं अस्तर सुजतं आणि काही दिवसांत भोवती मांस वाढतं, जरा धक्का लागला की रक्त येणारं. खोकला थांबतो तो दाणा खाली ब्राँकसमध्ये, म्हणजे श्वासनलिकेच्या फुफ्फुसात जाणाऱ्या फांदीत, रुतून बसल्यामुळे आणि तिथलं अस्तर त्याला सरावल्यामुळे. ही शांतता कधी काही तास टिकते, कधी आठवडे. मग एकाच बाजूला घरघर, त्याच जागी पुन्हा पुन्हा न्यूमोनिया, आणि दमा समजून नेब्युलायझर. तोवर दाणा इतका मऊ होतो की चिमट्यात धरताच तुकडे पडून आणखी खोल जातात. दाण्याच्या पुढचा फुफ्फुसाचा भाग आकसतो, पू साचतो, श्वासाच्या नळ्या कायमच्या रुंदावतात. याला ब्राँकिएक्टासिस म्हणतात.

शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी एक्स-रेत दिसतच नाहीत. दिसलंच तर हवा कोंडून फुगलेलं फुफ्फुस, तेही बहुधा श्वास सोडतानाच्या फिल्मवर. खाताना अचानक जोराचा ठसका लागला होता एवढी माहिती पक्की असेल, तर साफ एक्स-रे असूनही भूल देऊन ब्राँकोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी, करावी लागू शकते. मूल खेळत असलं तरी डॉक्टरांना तो ठसका आधी सांगा.

पाठीवर मारण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. मूल जोरात खोकतंय, रडतंय तोवर त्याला खोकू द्या. आवाजच फुटत नसेल तर 108 ला फोन करायला कुणाला तरी सांगा आणि लगेच सुरुवात करा. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं, डोकं खाली. खवाट्यांच्या मधे तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने 5 फटके, मग उताणं करून छातीच्या मधोमध 5 दाब. वर्षावरच्या मुलाला 5 फटके आणि मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर 5 झटके, आत आणि वरच्या दिशेने. आलटून पालटून. बेशुद्ध झालं तर सीपीआर, म्हणजे छाती दाबणं आणि तोंडाने श्वास देणं. पाय धरून लटकवायचं नाही, न दिसणाऱ्या वस्तूसाठी घशात बोट घालायचं नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2010 मध्ये गुदमरण्याबद्दल सविस्तर धोरण मांडलं. 4 वर्षांखालच्या मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत हा त्यांचा सल्ला आहे. म्हणजे चिवड्यातले दाणे वेचून काढा, चिक्की नको. आमटीतलं बारीक कूट चालेल.