शून्य जूल कष्ट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतला तळघरातून वर येणारा रॅम्प १८ मीटर लांब असून तो ३ मीटर उंची चढतो, हे मला गेल्या मंगळवारपर्यंत माहीत नव्हते. स्कूटर सुरू होत असेपर्यंत अशा मोजमापांशी कोणाचा संबंध येतो? त्या सकाळी स्टार्टर नुसता 'टक' म्हणाला, किक मारून पोटरी भरून आली, आणि मेकॅनिकने "येतो" एवढेच बोलून फोन ठेवला. तो गेटपाशी येईल असे मीच गृहीत धरले आणि ११० किलोची स्कूटर ढकलायला घेतली.

अकरावीतली कन्या मदतीला आली, म्हणजे कठड्याला टेकून हिशेब करू लागली. "बाबा, सहास एक चढ आहे. सरळ उचलण्याऐवजी तुला जेमतेम १८ किलोचा जोर लावायचाय, फक्त अंतर सहापट." कात्रजचा घाट वळणे घेत का चढतो, हे त्यावरून कळले, मात्र त्या १८ किलोंत घर्षण धरलेले नव्हते, आणि माझ्या मागच्या टायरने दोन महिन्यांत हवा पाहिलेली नव्हती.

निम्म्यावर पोहोचतो तोच वर एक मोटार आडवी उभी राहिली. ब्रेकची केबल सैल असल्याने स्कूटरचा भार थोडा ब्रेकवर आणि बराचसा माझ्या छातीवर घेऊन मी 'रॅम्प थांबण्यासाठी नाही' या पाटीखाली पाच मिनिटे थांबलो. "विस्थापन शून्य," कन्या म्हणाली, "म्हणजे तुझं कार्यही शून्य." आमच्याकडे कार्य म्हटले की मुंज किंवा लग्न, आणि तिथेही घाम एकाचा व नाव दुसऱ्याचे असतेच. स्नायू मात्र जागच्या जागी आखडत ऊर्जा जाळत असतात. ती सगळी उष्णता होऊन सदऱ्याला भिजवते, जुलांच्या खात्यात काही जमा होत नाही. स्कूटर सोडून दिली, तर घर्षण वगळता ती ताशी १९ किलोमीटरच्या वेगाने खाली पोहोचेल, आणि तिच्याबरोबर मीही घसरलो तरी वेग तोच राहील, कारण त्या सूत्रात वजन येतच नाही, हेही कन्येने सांगितले. माझ्या वजनाची दखल न घेणारी घरातली ती पहिलीच गोष्ट.

अखेर वर पोहोचलो. स्कूटरला मिळालेली स्थितिज ऊर्जा ३,२३४ जूल, म्हणजे एक किलोकॅलरीसुद्धा नाही. चहातल्या चमचाभर साखरेत याच्या वीसपट तरी असते.

तेवढ्यात तळघरातून हाक आली. "सर, गाडी वर कशाला नेली? मी जिन्याने खाली आलोय, हत्यारं इथेच मांडलीत."

मी स्कूटर वळवली. सगळे जूल उतारावर परत करताना काही ब्रेकच्या ड्रममध्ये गेले, काही माझ्या चपलांच्या तळव्यांत. खाली पोहोचल्यावर ड्रमला हात लावून पाहिला. निदान कोमट तरी लागावा, एवढीच अपेक्षा होती.