लाळ लागली तरी सिमेंट पक्कं बसतं?

दात भरण्याबद्दलचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आजकालचं बाँडिंग, म्हणजे दात आणि भरलेलं सिमेंट यांना जोडणारा चिकट थर, ओलसर दातावरच चिकटतं, त्यामुळे लाळ लागली तरी बिघडत नाही, हवा मारली की झालं, आणि रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पातळ पडदा) म्हणजे निव्वळ बिल फुगवायचा धंदा.

‘ओलसर दातावरच चिकटतं.’ अर्धं खरं, म्हणूनच जास्त फसवं. ॲसिड लावून धुतलं की डेंटिनमधले, म्हणजे दाताच्या आतल्या थरातले, क्षार निघून जातात आणि कोलॅजेन या प्रथिनाचे धागे उघडे पडतात. ते खडखडीत वाळवले तर एकमेकांवर बसतात आणि बाँडला आत शिरायला वाट उरत नाही. म्हणून तिथे किंचित ओल ठेवतात, पण ती स्वच्छ पाण्याची. लाळेत पाण्याबरोबर प्रथिनं असतात. ओल चालते म्हणून लाळही चालते, हे कुठून आलं?

‘हवा मारली की झालं.’ मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. इनॅमलवर, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कडक आवरणावर, ३५ ते ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड १५ ते ३० सेकंद ठेवून, धुऊन वाळवलं की तो भाग खडूसारखा पांढरा दिसतो. तिथे सूक्ष्म खड्डे पडलेले असतात आणि बाँड त्यांच्यात शिरून अडकतो. लाळेची प्रथिनं तेच खड्डे काही सेकंदांत झाकतात. हवेनं पाणी उडतं, प्रथिनांचा थर तिथेच वाळतो. नुसत्या पाण्यानंही तो पूर्ण निघेल याची खात्री नसते, त्यामुळे ॲसिड थोडा वेळ पुन्हा लावणं बरं. बाँड लाइटखाली कडक झाल्यावर लाळ लागली, तर धुऊन, वाळवून बाँडचा हात पुन्हा द्यायचा. रक्त लाळेपेक्षा वाईट, आणि ते थांबवायला लावलेलं ॲल्युमिनियम क्लोराइड किंवा फेरिक सल्फेट मागे राहिलं तर तेही आड येतं.

बरं, ती हवा तरी स्वच्छ आहे का? कॉम्प्रेसरमधून तेलाचा अंश येऊ शकतो. तोंडात मारण्याआधी आरशावर मारून बघावी, डाग लगेच दिसतो.

‘रबर डॅम म्हणजे बिल.’ ही पद्धत न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम यांनी १८६४ मध्ये आणली, बाँडिंगचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. रबर डॅम नाही म्हणून डॉक्टर वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. वरच्या पुढच्या दातांना कापूस, सक्शन आणि हुशार मदतनीस पुरतात. खालच्या दाढेला, जिभेच्या शेजारी, रबर डॅम नसेल तर मला धाकधूक वाटते. हिरडीखाली गेलेली कीड कोरडी ठेवता येत नसेल, तर ओल जरा जास्त सोसणारं ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट वापरणं शहाणपणाचं.

मेसेजनं एक गोष्ट सोडलीच: पेशंट घरून काय लावून येतो. किडीत रात्री लवंगेचं तेल घातलं असेल तर सांगा, कारण त्यातलं युजेनॉल बाँड कडक होण्यात खोडा घालतं. दात ब्लीच केले असतील तर तेही सांगा. आत उरलेला ऑक्सिजन निघून जाईपर्यंत भरण्याचं काम एक-दोन आठवडे पुढे ढकलावं लागतं.