कसं वाटलं, मामा?

भाच्याचा फोन आला. "मामा, शनिवारी आपला गिग आहे, येजो." आमच्या वावरात नेटवर्क बांधाच्या एका टोकालाच येतं, त्यामुळे मला 'गीर' ऐकू आलं. पोट्ट्यानं गाय घेतली म्हणून मी खूष झालो. विचारलं, "दूध किती देते?" पलीकडे बराच वेळ शांतता. ती शांतता मी जपून ठेवायला हवी होती, पुढं फार लागली.

गिग म्हणजे बँडचा कार्यक्रम. आता आमच्याकडे बँड म्हणजे लाल कोट, बेंजो, पुढं नाचणारे नवरदेवाचे दोस्त आणि मागं जनरेटरची गाडी. "वरात कोणाची आहे?" असं विचारल्यावर भाच्यानं फोन त्याच्या मायजवळ दिला. आमची बहीण म्हणाली, "दादा, पोरगा दोन वर्षांपासून गिटार घेऊन बसला आहे. त्याईचे सोताचे गाणे आहेत, सिनेमातले नाईत. तू जाजो बापा. अन् त्यानं विचारलं, कसं वाटलं, तं चांगलंच सांगजो. तुयं तोंड लय फटकळ आहे."

म्हणजे परीक्षा गाणं ऐकण्याची नव्हती, तोंडी परीक्षा नंतर होती.

अडचण अशी की दिवस गव्हाच्या ओलिताचे. आमच्या फीडरची लाईन एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातची. त्या आठवड्यात रातची होती, दहानंतर. पण कार्यक्रम सातचा होता. सात ते नऊ गाणं, दहाला वावरात, असा हिशेब मांडला. सोबत भजनी मंडळातले आमचे खंजेरीवाले बुवा घेतले. बुवांचं घराणं थेट मोझरीच्या वाटेवरचं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजेरी त्यांच्या वडिलांनी समोर बसून ऐकलेली. वाद्य कोणतंही असो, बुवा ऐकायला तयार असतात. शिवाय परत येताना गाडीवर मागं कोणी असलं की थंडी कमी वाजते.

क्लब म्हणजे तालुक्याच्या गावातलं, कापसाच्या बंद पडलेल्या जिनाचं गोदाम. मालकाचा नातू पुण्याहून शिकून आला आणि जिथं आजोबा गाठी रचायचे तिथं त्यानं लाल-निळे दिवे लावले. भाचा दारातच भेटला. काळी बनियान, हातात काळा दोरा, आणि माघाच्या थंडीत अंगावर शहारे. त्यानं मला मोबाईलवर दाखवलं, "मामा, बीटल्स लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबात वाजवत ना, तेही असंच होतं. फळाच्या गोदामाचं तळघर. १९६१ ते १९६३, तिथं २९२ वेळा वाजवलं त्याईनं."

"२९२?" मी म्हटलं. "अन् मामाले किती वेळा बोलावलं?"

लिव्हरपूलचं नाव आम्हाला नवं नाही, हे त्या पोराला कोण सांगणार? १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लिव्हरपूलच्या बाजारात आमच्या मालाला 'ऊमरा' म्हणत, म्हणजे अमरावतीचा. इतकी वर्षं आम्ही त्यांना कापूस पाठवला, त्यांनी परतफेडीत हे पाठवलं.

तिकीट दीडशे रुपये, त्यात एक थंडा. बुवांनी विचारलं, "थंडा नाई पेला तं किती?" दारावरच्या पोरानं उत्तर न देता त्यांच्या मनगटावर शिक्का मारला. बुवा तो शिक्का दिव्याखाली धरून बराच वेळ पाहत होते. "बाजारात बैलाले मारतेत असा," म्हणाले.

आत खुर्च्या नव्हत्या. एकही नाही. आमच्याकडे तेरवीलाही माणसाला आधी खुर्ची देतात आणि मग रडतात. इथं दीडशे रुपये देऊन उभं राहायचं होतं. साठ-सत्तर पोट्टे-पोट्ट्या भिंतीला टेकून, हात खिशात घालून, कोणाची तरी वाट पाहावी तशी उभी होती. मागं बॅनर होतं, त्यावर तिन्ही बँडांची नावं. भाच्याच्या बँडचं नाव मला आजही माहीत नाही. अक्षरं अशी काढलेली की वावराला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं आहे. बुवांनी चष्मा लावून पाहिलं आणि ते उर्दू असल्याचं जाहीर केलं.

शेवटी कोपऱ्यात एक काळी पेटी दिसली. चांगली दोघांना पुरेल एवढी. आम्ही तिच्यावर टेकलो. बाहेरून तर्री मारलेले आलूबोंडे खाऊन आलो होतो, जरा बसायला बरं वाटलं.

सात वाजले. साडेसात वाजले. आठ वाजता एक पोरगा माइकवर आला आणि म्हणाला, "चेक. चेक. वन, टू, चेक." मग ढोल बडवणाऱ्यानं एकच ढोल तीस वेळा बडवला. मग गिटारवाल्यानं एकच तार वीस वेळा. तो थांबला तसा मी जोरात टाळ्या वाजवल्या. सगळा हॉल माझ्याकडे वळला. भाचा धावत आला, "मामा, अजून सुरू नाई झालं. साउंडचेक आहे हा." बुवा मला समजावत म्हणाले, "तंबोरा लावून राहिले." तिथून पुढं मी टाळी वाजवायची की नाही ते दुसऱ्यांकडे पाहून ठरवत गेलो.

नऊला पहिला बँड सुरू झाला आणि आम्ही कशावर बसलो आहोत ते कळलं. ती पेटी म्हणजे बेसचा स्पीकर होता. आवाज कानातून आला नाही, बुडातून आला. वर चढत चढत पोटापर्यंत गेला आणि तिथले आलूबोंडे जागे झाले. बुवांनी माझा हात धरला. भूकंपात माणूस धरतो तसा.

गाणारा पोरगा सडपातळ, चेहरा गरीब. पण तोंड उघडलं की आतून रानडुक्कर. खोटं सांगत नाही, जागलीवर मी हरभऱ्यातून डुकरं हाकलताना जो आवाज काढतो, तोच. फरक इतकाच की मला त्याचे कोणी दीडशे रुपये देत नाही. शब्द एकही कळेना. शेजारच्या पोरीला विचारलं, ती माझ्या कानात ओरडून म्हणाली, "शेतकऱ्याच्या कर्जावर आहे, काका!" तेव्हा मला तो आवाज एकदम पटला. कर्जावर बोलायचं तर आवाज हाच पाहिजे.

एकाच्या मोबाईलमध्ये आवाज मोजायचं काहीतरी होतं, त्यात १०४ डेसिबलचा आकडा नाचत होता. आमची भाची नर्सिंगला आहे. तिनं एकदा सांगितलं होतं की ८५ डेसिबल माणूस आठ तास सहन करू शकतो, पण पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. घड्याळ पाहिलं. आमची मुदत कधीच संपली होती. वर पाहिलं तर गोदामाच्या लाकडी आढ्याच्या फटीत जुनी रुई अडकलेली, जीन चालू होतं तेव्हाची. पेटीवर उभं राहून मी दोन बोटं रुई ओढली, फुंकर मारून धूळ उडवली, अर्धी बुवांना दिली, अर्धी कानात कोंबली. आवाज काही कमी झाला नाही. (नंतर भाचीनं सांगितलं, कापसानं होत नाही, त्याचे फोमचे बोळे मिळतात. कापसानं आमचं कधी काय भलं झालं आहे?)

दुसऱ्या बँडबद्दल मी लिहीत नाही. त्यातल्या एकाचे वडील आमचे सोयरे आहेत.

दहाला पाच कमी असताना भाच्याचा बँड चढला. तिकडे लाईन येण्याची वेळ, इकडे भाचा. भाच्यानं गिटारला वायर जोडली आणि सगळ्या गोदामात "हूंऽऽऽ" असा सूर भरला. गाणाऱ्या पोरानं माइकला तोंड लावलं आणि विंचू चावल्यासारखं मागं घेतलं. पुन्हा लावलं, पुन्हा मागं. साउंडवाला पोरगा बटणं फिरवतोय, वायरी काढतोय, लावतोय, हूं काही जाईना.

आता हा सूर मी ओळखतो. तीस वर्षं ऐकतो आहे. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा मागंपुढं होते, तिचाच हा सूर. मोटरचाही तोच, ट्रान्सफॉर्मरच्या डीपीचाही तोच. आणि ओठाला मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग गेली, हे सांगायला गिटार यावी लागत नाही. मी पेटीवरून उठलो. मालकाच्या नातवाला विचारलं, "जिनाचा अर्थिंगचा खड्डा कुठी आहे?" त्याला खड्डा माहीत नव्हता. मी मेन स्विच पाडायला सांगितला आणि मोबाईलच्या उजेडात मागच्या भिंतीपाशी गेलो. गाजरगवतात लोखंडी पाइप सापडला, भोवतीची माती भेगाळलेली. पावसाळ्यानंतर तिला कोणी थेंब पाजला नव्हता. आलूबोंडेवाल्याकडून खडे मीठ आणलं, हौदातून दोन बादल्या पाणी, पाइपाची गंजलेली पट्टी दगडानं घासली, नट आवळला, वरून मीठपाणी सोडलं. माती चूं चूं करत पाणी पीत होती. मागं पंचवीस-तीस जण मोबाईलचे दिवे धरून उभे. रात्रभरातला माझ्या समजुतीचा कार्यक्रम तेवढाच.

स्विच वर केला. हूं गेला. भाच्यानं माइकवरून सांगितलं, "आपले साउंड इंजिनिअर, माझे मामा!" टाळ्या पडल्या. या वेळी कोणाकडे पाहायची गरज नव्हती.

मग त्यांचं गाणं. मी बुवांकडे पाहत होतो, कारण बुवा बदलले होते. डोळे मिटलेले, उजव्या हाताची बोटं मांडीवर. तीन, दोन, दोन. तीन, दोन, दोन. समोरची पोरं मुंड्या हलवत होती आणि दर वेळी चुकत होती. कोणी लवकर खाली जाई, कोणी उशिरा. बुवांचं बोट मात्र बरोबर त्या धडाक्यावर पडत होतं. माझ्या कानात ओरडले, "सात मात्रा आहे हा! रूपक!" एवढ्या गोंधळात त्यांना रूपक सापडला होता, जत्रेत हरवलेला पोरगा सापडावा तसा. गाणं संपायच्या आत ते पुढं गेले, धोतराच्या कनवटीतून पन्नासची नोट काढली आणि ढोलवाल्याच्या मोठ्या ढोलावर ठेवली. ढोलवाला पाय मारतोय, नोट उडतेय, बुवा पुन्हा ठेवतायत. गाणं थांबल्यावर माइक धरून त्यांनी रीतीप्रमाणे बक्षीस पुकारलं, स्वतःचं नाव आणि गावासकट. मग ढोलवाल्याला म्हणाले, "पोट्ट्या, हात चांगला आहे. पण घाई झाली का आखरीच्या दोन मात्रा खाऊन राहिला तू." ढोलवाल्यानं मान खाली घातली. चूक खरी होती.

दरवाजात एक पोलीस दादा येऊन उभे होते, दहाच्या नियमाची आठवण द्यायला. नातू सांगत होता, "साहेब, बंद हॉल आहे, आतल्या आत आहे." साहेबांनी पत्र्याच्या भोकांकडे पाहिलं, मग म्हणाले, "दरवाजा लावा अन् दोन गाणे घ्या." मग स्वतः आतल्या बाजूला उभे राहून त्यांनी दरवाजा लावला.

साडेदहाला सुटलो. भाचा घामानं निथळत आला. त्याचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही. कानातून रुई काढली, तरी नाही. आत नुसतं शिट्टीसारखं काहीतरी आणि त्याच्याखाली हूं. पण चेहऱ्यावरून प्रश्न कळला. दिवसभर घोकलेली उत्तरं होती माझ्याजवळ, "मेहनत लय दिसते", "लायटिंग जोरदार", "तुले काळा रंग शोभते". त्यातलं एकही तोंडावर येईना. मी म्हटलं, "अर्थिंगले आठ दिवसानं पाणी टाकत जा." त्यानं मला मिठीच मारली. काय ऐकलं त्यानं, कोण जाणे. कान त्याचेही गेलेले असणार.

बुवांना घरी सोडलं आणि तसाच वावरात गेलो. स्टार्टर ऑटोवर असतो, लाईन आली की मोटर आपोआप सुरू होते. धुऱ्यावर पाय ठेवला तेव्हा मोटरचा आवाज येतच होता, हूं, एकसारखा. समाधान वाटलं. दांडाच्या टोकाशी फावडं घेऊन बसलो, पाण्याची वाट पाहत. अर्धा तास झाला. पाणी येईना. उंदरांनी बिळं पाडली असतील म्हणून दांड चाचपत निम्म्यापर्यंत आलो, माती कोरडी. उंदरांना आणि त्यांच्या खानदानाला शिव्या दिल्या. पुन्हा कान दिला. मोटर चालूच.

तासाभरानं विहिरीवर जाऊन पाहिलं. स्टार्टर ट्रिप झालेला. पाइप थंडगार. मोटर त्या रात्री एकदाही फिरली नव्हती.

हिरवं बटन दाबलं. कानात काहीच फरक पडला नाही. शेवटी पाइपावर हात ठेवला. थरथरत होता, मघाच्या काळ्या पेटीसारखा. हात तसाच ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. बोटं केव्हा मोजायला लागली कळलं नाही. तीन, दोन, दोन. मोटर काही सातात बसत नव्हती.